बाल्कनीतला जिवंत टीव्ही

टक्!

घर इतकं शांत होतं, की झोपलेल्या भिंगरीच्या मुठीतून लाकडी ठोकळा सुटून फरशीवर पडला तो मला तोफ डागल्यासारखा ऐकू आला. मी बोटं कीबोर्डवर अधांतरी धरून बसले. भिंगरीने कूस बदलली. नाक खाजवलं. हवेत एक लाथ झाडली आणि पुन्हा गाढ झोपली. सुटले! अजून तासभर तरी मी आई नव्हते, इंजिनिअर होते.

भिंगरी म्हणजे माझी साडेचार वर्षांची मुलगी. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण ते पूर्ण उच्चारेपर्यंत ती तीन खोल्या ओलांडून गेलेली असते, म्हणून हे सुटसुटीत. रविवारी दुपारी ती झोपते तो एक तास मी आठवडाभर जिवापाड राखून ठेवते. आणि त्या रविवारी त्या तासात मी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत एक क्लास, म्हणजे कोडचा एक साचा, लिहायला घेतला होता. साधासुधा नाही हं! सतरा ठिकाणच्या कोडला पुरून उरेल असा एकच क्लास! ऑफिसने माझं नाव घ्यावं असा! (घेतलं. अजून घेतात. पण ते पुढे.)

आधी माझं काय पणाला लागलं होतं ते सांगते. चार वर्षं घरी राहून मी पुन्हा नोकरी धरली होती. पाळणाघर साडेचारला बंद होतं, नवरा आठाशिवाय सुटत नाही, आणि ऑफिस सहापर्यंत. म्हणून मी मॅडमच्या हातापाया पडून रोज चारला निघायची परवानगी मिळवली होती. तीन महिन्यांच्या बोलीवर.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या होत्या, "तू केलेलं पहिलं नवं काम ग्राहकाकडे सुरू होईल, ते विनातक्रार गेलं तर चार वाजता निघणं पक्कं. एक जरी तक्रार आली तर मग सगळ्यांबरोबर सहा."

सहा! सहा म्हणजे पाळणाघराच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन, प्रत्येक येणाऱ्या बाईकडे मान वर करून बघणारी भिंगरी. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं की माझी बोटं आपोआप झरझर चालायला लागत.

तर आमची कंपनी घरसामान हलवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. खोकं भरलं की यंत्रातून त्याची चिठ्ठी निघते. सामान कुठल्या खोलीत जायचं आणि माल कुठल्या प्रकारचा, एवढंच तिच्यावर. खोल्या ठरलेल्या सहा. प्रकार ठरलेले चार: साधा, जड, नाजूक आणि जिवंत. (जिवंत म्हणजे कुंड्या, मासे, पोपट वगैरे.) अशा ठरलेल्या नावांच्या बंद यादीला जावात एनम म्हणतात. शाळेतला एक वर्गच समजा ना! मुलं ठरलेली, बाहेरचं कोणी येऊन बसणार नाही. आणि ज्या क्रमाने उभी केली त्या क्रमाने प्रत्येकाला आपोआप हजेरीचा नंबर. आमच्या यादीत पहिला हॉल, मग किचन, बेडरूम, बाथरूम, बाल्कनी आणि सहावी स्टडी. जुन्या पद्धतीत खोक्याच्या नोंदीत नावाऐवजी हा नंबरच साठवला जायचा.

अशा सतरा याद्या होत्या. आणि साठवायचा, वाचायचा, दाखवायचा तोच तो कोड सतरा वेळा चिकटवलेला. एका घरात सतरा चुली! मी म्हटलं, छे! एकच चूल मांडू. कुठलीही यादी द्या, माझा क्लास तिचं नाव बघून नंबर साठवेल, आणि नंबर बघून नाव परत देईल. खोल्या आहेत, प्रकार आहेत की आणखी काय, त्याला काही देणंघेणं नाही! हे करायला जावात एक मंत्र म्हणावा लागतो: 'ई एक्स्टेंड्स एनम ऑफ ई'. म्हणजे 'ई' ही अशी वस्तू, जी 'ई'चीच एनम आहे. 'मी माझ्याच मामाची भाची' असं काहीतरी ऐकू येतं, पण कंपायलरला, म्हणजे कोड तपासून घेणाऱ्या यंत्रणेला, पटतं, आणि एकदा कंपायलरला पटलं की आपण कशाला वाद घालायचा!

क्लास चाळीस मिनिटांत झाला. झोपेची वीस मिनिटं शिल्लक! रिकामे हात मला कधीच मानवलेले नाहीत. म्हटलं, याद्या किती वेड्यावाकड्या दिसतायत. कोडात नावं इंग्रजीत असतात, म्हणून मी सतराच्या सतरा याद्या एबीसीडीच्या क्रमाने लावून टाकल्या. आता बाल्कनी पहिली, मग बाथरूम, बेडरूम, हॉल, किचन आणि शेवटी स्टडी. प्रकारांत पहिला नाजूक, मग जड, जिवंत आणि शेवटी साधा. घडी घातलेल्या टॉवेलांसारखं देखणं दिसत होतं!

ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी कृपया आत्ताच ओरडू नये. भिंगरी झोपली आहे.

सोमवारी काम तपासायला शंकासुराकडे गेलं. हा आमचा टेस्टर. लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा तो आधी फरशी आहे ना ते पायाने चाचपून बघतो.

"यादीतला क्रम बदललास?" त्याने विचारलं.

"नीटनेटका केला."

"मग आधी साठवलेल्या नोंदींचं काय? त्यांच्यात जुने नंबर—"

"अरे शंकासुरा, चाचण्या बघ! सगळ्या हिरव्यागार! हॉल साठवला, हॉल परत आला. किचन साठवलं, किचन परत आलं. आणखी काय पाहिजे?"

नव्या नंबराने ठेवलेलं नव्याच नंबराने काढलं, तर बरोबर येणारच की! आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच शंभरपैकी शंभर द्यायचे, त्यातला प्रकार. पण हे ज्ञान गुरुवारचं. सोमवारी मी फक्त हसले. शंकासुराने मान हलवली आणि सही केली. बिचारा!

गुरुवारी सकाळी नऊला काम सुरू झालं. मी आनंदाच्या भरात सामानवाल्यांच्या मुकादमांना फोन लावला. एका निवृत्त हेडमास्तरांचं बिऱ्हाड आदल्या दिवशी भरून ट्रकवर चढलं होतं.

"मुकादम, कालच्या खोक्यांनाही नव्या चिठ्ठ्या लावा हं. नव्या कशा सुबक दिसतात बघा!"

"लावतो की, ताई! आमच्यात नियमच आहे, शेवटची चिठ्ठी तीच खरी."

साडेअकराला त्यांचाच फोन.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा ना!"

"सोफा बाल्कनीत कसा बसवायचा?"

"सोफा कशाला बाल्कनीत? हॉलमध्ये ठेवा!"

"चिठ्ठी म्हणते बाल्कनी. भांडीकुंडी म्हणते बाथरूम."

मी इंजिनिअर ना, मी पुरावा मागितला. "बेडरूमचं सामान कुठे गेलं?"

"बेडरूममध्येच."

"आणि पुस्तकं?"

"ती स्टडीत. बरोबर गेली."

"बघा!" मी टेबलावर थाप मारली. "सॉफ्टवेअर चुकलं असतं तर सगळंच चुकलं असतं! तुमच्या माणसांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आहे."

(बेडरूम दोन्ही याद्यांत तिसरी आणि स्टडी दोन्हीकडे सहावी होती. निव्वळ योगायोग! पण योगायोग आपल्या बाजूचा असला की त्याला आपण पुरावा म्हणतो.)

मग मुकादम दुखावल्या आवाजात म्हणाले, "चोवीस वर्षं खोकी उचलतोय, ताई. आजवर एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नाही."

"मग ठेवा चिठ्ठीप्रमाणे!" मी फणकाऱ्याने म्हणाले.

"ठीक आहे. चिठ्ठीप्रमाणे."

या तीन शब्दांत केवढा दारूगोळा भरलेला होता ते मला साडेतीनला कळलं.

"ताई, टीव्हीला भोकं किती पाडायची?"

"काय?"

"खोक्याला हो, टीव्हीच्या. आठ पाडलीत. दमट हवा आहे, आणखी पाडू का?"

"टीव्हीला भोकं कशाला?"

"जिवंत आहे ना तो! चिठ्ठीवर आहे. जिवंत मालाला भोकं पाडायची, मोकळ्या हवेत ठेवायचं आणि दर तासाला डोकावायचं, असा नियम आहे. बाल्कनीत ठेवलाय, शेजारी एक माणूस बसवलाय. कपबश्याही जिवंत आहेत, त्या बाथरूममध्ये आहेत."

"मुकादम!" मी उभी राहून ओरडले, "टीव्ही जिवंत नाही! टीव्ही मेलेला आहे!"

अख्खं ऑफिस माझ्याकडे वळलं. आणि फोनमधून मुकादमांचा दबका आवाज आला, कोणाला तरी धीर देत असावेत तसा: "मास्तर, जरा बसून घ्या. ऑफिसातून फोन आहे. तुमचा टीव्ही... गेला म्हणतात."

पाच मिनिटांत हेडमास्तरांचा फोन थेट मॅडमना! त्यांनी आधी टीव्हीचं वय सांगितलं (दोन महिने), मग स्वतःचं (चौऱ्याहत्तर), आणि मग विचारलं की न उघडलेल्या खोक्यातला टीव्ही मेल्याचं तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलीला ऑफिसात बसून कसं कळलं.

मॅडमनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. तेच वाईट असतं. "तक्रार आली आहे. एक. स्वतः जाऊन बघ."

घड्याळात पावणेचार झाले होते. मी धावत पाळणाघर गाठलं, भिंगरीला उचललं. वाटेत तिने विचारलं, "आपण घरी चाललो?"

"एका आजोबांच्या घरी. त्यांचं घर आईने थोडं हलवलंय."

"भूकंपासारखं?"

"त्याहून नीटनेटकं."

हेडमास्तर दारातच उभे होते. उंच, सडपातळ, चष्म्यावरून बघणारे. मला वाटलं आता हात पुढे करायला सांगतील. "या," ते म्हणाले. "आणि पाय जपून टाका. हॉलमध्ये नाजूक माल आहे."

हॉलच्या मधोमध घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर दोन बादल्या, तीन तांबे, एक फरशी पुसायचा दांडा आणि पायपुसणं एकेक हाताच्या अंतरावर मांडलेलं होतं. प्रत्येकाभोवती कापसाची गादी! 'साधा' माल 'नाजूक' झाला होता ना! तेवढ्यात चार धिप्पाड माणसं अनवाणी, श्वास रोखून, पावलाला पाऊल लावत बेडरूमकडे निघाली. चौघांच्या मध्ये एक उशी होती.

"हळू! कड लागेल!" मुकादम ओरडले.

बाल्कनीत सोफ्यावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. समोर भोकं पाडलेलं टीव्हीचं खोकं. शेजारी स्टुलावर एक माणूस पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होता. "सकाळपेक्षा बराच शांत आहे," तो मला म्हणाला.

किचनमध्ये जंगल उगवलेलं! ओट्यावर कुंड्या, खिडकीत कुंड्या, जिथे डबे असायचे तिथे कुंड्या. भिंगरी आधीच आत पळाली होती. तिची किंचाळी आली.

"आई! ताटलीला पाय आहेत!"

धावलो सगळे. भिंतीवरच्या ताटांच्या रॅकमध्ये कुंड्यांखालच्या तीन ताटल्या आणि चौथ्या खाचेत, उभं, मास्तरांचं कासव! जिवंत माल 'साधा' झाला होता, खोली 'किचन' निघाली होती, आणि आकार गोल. कोणा मन लावून काम करणाऱ्या माणसाने ते जागच्या जागी लावलं होतं. कासव मान बाहेर काढून आमच्याकडे असं बघत होतं, जणू काही त्याचंही आयुष्यात प्रथमच कोणी ऐकून घेणार होतं.

मास्तरांनी त्याला अलगद खाली घेतलं. भिंगरीने दोन्ही हात पुढे केले. मास्तरांनी माझ्याकडे कडक बघितलं, तिच्याकडे मऊ बघितलं, आणि कासव तिच्या मांडीवर दिलं. एवढ्यावरून माझ्या जिवात जीव आला.

"मुकादम, ही चिठ्ठी चुकीची लावली कोणी?" मी अजून ताठच होते.

मुकादमांनी एक खोकं पुढे सरकवलं. त्यावर दोन चिठ्ठ्या होत्या. खाली बुधवारची, वर आजची. बुधवारची म्हणत होती: हॉल, नाजूक. आजची म्हणत होती: बाल्कनी, जिवंत. "माणसं तीच, खोकं तेच, गोंदसुद्धा तोच," ते म्हणाले. "मध्ये बदललं काय, तेवढं तुम्ही सांगा."

मध्ये बदललं काय! हॉल पहिला होता. आता पहिली कोण? बाल्कनी. नाजूक तिसरा होता. आता तिसरा कोण? जिवंत. नोंदी जुन्या नंबरांच्या आणि हजेरीपट नवा! पहिल्या नंबराच्या मुलाला हाक मारली आणि भलतंच पोर उभं राहिलं! माझे कान तापले. त्या रिकाम्या वीस मिनिटांत मी नुसती बसून भिंगरीकडे बघत राहिले असते तर!

"मुकादम," मी म्हणाले, "माफ करा. तुमच्या माणसांनी काही केलं नाही. चूक माझी."

मुकादमांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "चोवीस वर्षांत," ते म्हणाले, "कॉम्प्युटरच्या बाजूकडून हे पहिल्यांदा ऐकतोय. मास्तर, तुम्ही साक्षीदार!"

मी शंकासुराला फोन लावला. "याद्यांचा क्रम होता तसा कर! आत्ताच्या आत्ता!"

"सगळ्या याद्या?"

"सतराच्या सतरा!"

"पण आज सकाळपासून ज्या नोंदी नव्या नंबराने झाल्या, त्या—"

"शंका पुरे! लोकांचं कासव रॅकमध्ये आहे!"

त्याने केलं. दहा मिनिटांत नव्या चिठ्ठ्या निघाल्या आणि काय सांगू! हॉलचं हॉलमध्ये, किचनचं किचनमध्ये, बादल्या बाथरूममध्ये. उशी एका माणसाने काखेत मारून नेली. टीव्हीचा वारा बंद झाला. टीव्ही लावून बघितला, तो सुरू झाला, तेव्हा मुकादमांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सोफा तेवढा मास्तरीणबाईंनी उचलू दिला नाही. "राहू दे गं बाई, इथे ऊन छान येतं," त्या म्हणाल्या.

"तुमचा निकाल," हेडमास्तर मला म्हणाले. "काम: दहापैकी दोन. चूक कबूल करणं: दहापैकी नऊ."

"एक कशाचा कापला?"

"वेळेचा. कबुली साडेअकराला हवी होती."

मी हसले. मॅडमना आता सांगता आलं असतं की सगळं मार्गी लागलं. आणि तेवढ्यात मुकादमांचा फोन वाजला. ते ऐकत गेले आणि त्यांच्या भुवया टोपीत शिरल्या.

"ताई, आमची दुसरी गाडी. आज सकाळी नोंदवलेलं तातडीचं काम. चिठ्ठी म्हणते सोफा बाथरूममध्ये. दारात अडकलाय, आणि आतमध्ये मालक अडकलेत. आणि माणसं विचारतायत, गाद्यांना भोकं किती पाडायची?"

सकाळपासून नव्या नंबराने झालेल्या नोंदी! आता त्या जुन्या हजेरीपटाने वाचल्या जात होत्या. मी सगळं बरोबर केलं आणि त्या बरोबरमुळे दुसरं घर उलटं झालं होतं! शंकासुराच्या अर्धवट तोडलेल्या वाक्याचं उरलेलं शेपूट हेच होतं.

पुन्हा फोन. या वेळी मी पहिल्यांदा म्हटलं, "बोल, तुझं बोलणं पुरं कर." त्याने पुरं केलं. एवढं शहाणपणाचं वाक्य मी दोन वेळा अर्ध्यात तोडलं होतं! आम्ही ठरवलं की आता रांगेतल्या जागेवर काहीच चालायचं नाही. प्रत्येक नावाला त्याचा स्वतःचा, कायमचा क्रमांक द्यायचा, बिल्ल्यासारखा छातीवर लावलेला. मग रांग कशीही उभी करा! माझ्या क्लासमध्येही नियम बदलायचा: नुसती 'ई' एनम असून भागणार नाही, बिल्ला दाखवला तरच आत. आणि सकाळच्या नोंदी शंकासुर हाताने निस्तरणार. मालकांना बाहेर यायला अर्धा तास लागेल म्हणाला.

मग मी धीर करून मॅडमना फोन केला. भिंगरी आणि कासव दोघं माझ्या मांडीवर, हात रिकामा नाही, म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर. हेडमास्तर, मास्तरीणबाई, मुकादम, सगळे भोवती.

"मॅडम, तक्रारी दोन आहेत," मी म्हणाले. "दोन्ही माझ्या चुकीने. ह्या घरचं लागलं, दुसऱ्या घरचं अर्ध्या तासात लागेल."

"मुकादमांची माणसं?"

"त्यांचा काही दोष नाही. शंकासुराने तर दोनदा सावध केलं होतं."

मी भिंगरीच्या केसांत नाक खुपसलं. डोळ्यांपुढे ती पायरी, ते दप्तर.

"हे सगळं तू लिहिलंस कधी?" मॅडमनी विचारलं.

"रविवारी. भिंगरी झोपली होती तेव्हा."

"किती वेळ लागला?"

आता बघा, माणसाने निदान इथे तरी गप्प बसावं! पण मी काय केलं? "फक्त एका तासात, मॅडम!"

"एका तासात," मॅडम हळूच म्हणाल्या. "म्हणजे एका तासात दोन घरं. तुला चारनंतर रोज आणखी दोन तास बसवलं, तर महिन्याभरात हे शहर कुठल्या खोलीत जाईल?"

मुकादमांनी तोंडावर टोपी धरली.

"तू चारलाच निघत जा," मॅडम म्हणाल्या. "पक्कं. उद्या लेखी देते. आणि हे बघ, एखाद्या दिवशी तीनला निघालीस, तरी माझी हरकत नाही."

फोन बंद झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं, आणि दोन्ही कोणत्या क्रमाने पुसावं ते कळेना. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, छान झालं की!" हेडमास्तर म्हणाले, "हं." मुकादम अजून टोपीआड हसत होते.

भिंगरीने कासवाच्या पाठीवर गाल टेकवला, माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, "आई, मॅडमनी तुला बक्षीस दिलं की शिक्षा?"